हेड गॅस्केट गेलंय, मॅडम

ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांची झाली आहे, बोनेटखालच्या बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) हळूहळू उतरतंय आणि पार्किंगच्या फरशीवर मात्र एक थेंब दिसत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गॅरेजवाल्याने तुम्हाला ‘हेड गॅस्केट’ (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) हा शब्द ऐकवला असेल, तर गाडी तिथे सोडण्याआधी वाचा.

आमची गाडी २०११ची, पेट्रोल, चार सिलिंडर. सिलिंडर किती हे मुद्दाम सांगितलं, ते पुढे लागणार आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाटलीतलं गुलाबी कूलंट ‘मॅक्स’च्या खुणेवरून ‘मिन’च्या खाली आलं. मी ते भरलं, काही आठवड्यांत पुन्हा उतरलं. तापमानाचा काटा मध्यावरच होता, गाडी कधी गरम झाली नाही. नेहमीचा फिटर पेरणीसाठी गावी गेला होता, म्हणून हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. काचेचं ऑफिस, पाण्याची बाटली, चहा, भिंतीवर कसली कसली सर्टिफिकेटं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. शिवाय गॅरेजच्या नावापेक्षा त्यांची रीत ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

मालकाने पाच मिनिटांत निदान केलं. “हेड गॅस्केट गेलंय, मॅडम. साहेबांशी बोलू का?” साहेबांना गाडीतलं पेट्रोल भरण्यापलीकडे काही कळत नाही, म्हटलं माझ्याशीच बोला. मग त्याने तीन पुरावे दाखवले. इंजिन ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला जमलेली पिवळसर साय दाखवली : “ऑइलमध्ये पाणी मिसळतंय.” कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि वर येणारे बुडबुडे दाखवले : “सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय.” शेवटी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर : “पाणी जळतंय.”

तिन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. तो खोटं काहीच दाखवत नव्हता, आणि फसवणुकीची कला तिथेच आहे. गॅस्केट गेलं की ही तिन्ही लक्षणं खरंच दिसू शकतात. पण ती धडधाकट गाडीतही दिसतात, हे मला नंतर कळलं.

सायीचं बघा. मी पुण्यात कर्वेनगरहून डेक्कनला बँकेत जाते, जेमतेम चार किलोमीटर. एवढ्या अंतरात ऑइल पुरतं तापत नाही. पावसाळी हवेतला दमटपणा आणि इंजिनातली वाफ झाकणाखालच्या थंड भागात जमते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि साय धरते. खरी तपासणी डिपस्टिकवर होते. कांडीवरचं ऑइल दुधाळलेलं असेल, त्याची पातळी आपोआप वाढलेली असेल, तर काळजी करा. त्याने डिपस्टिक बाहेर काढलीच नव्हती.

बुडबुड्यांचंही तसंच. कूलंट नुकतं भरलं की पाइपांत अडकलेली हवा थोडा वेळ बाहेर येतेच. गॅस्केटचे बुडबुडे थांबत नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतात. शिवाय थंड इंजिन चालू केल्यावर, ते तापायच्या आधीच वरचा होज पाइप दगडासारखा टणक होतो. यासाठी एक सोपी रासायनिक चाचणीही असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. सिलिंडरमधला जळका वायू आत येत असेल, तर पेट्रोल गाडीत ते द्रावण पिवळं पडतं.

आणि पांढरा धूर? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. जुलैच्या गार सकाळी, सायलेन्सर थंड असताना ती वाफ पांढरी दिसणारच. गाडी चांगली तापल्यावरही धूर तसाच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तरच कूलंट जळतंय असा संशय घ्यायचा.

तेव्हा हे काही माहीत नव्हतं. अंदाज सांगितला १८,००० रुपयांचा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन ओळींत. गाडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला : “मॅडम, हेड खाली उतरवलंय. वाकलेलं आहे. फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, लेथवर पाठवावं लागेल. टायमिंग चेनचं किटही आताच करून घ्या, नंतर पुन्हा खोलायचं म्हणजे लेबर डबल.” या फोनवर जास्त बोलायला हवं, कारण सगळा धंदा त्यावरच चालतो. इंजिन उघडलंय म्हटल्यावर तुम्ही करणार काय? दुसरीकडे नेतो म्हणावं, तर टोइंग आलं आणि सुटे भाग पोत्यात भरून न्यायचे. दुसऱ्याचं मत घ्यावं, तर दाखवायला गाडी जागेवर हवी ना. त्या क्षणापासून भाव तो ठरवतो आणि तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणता. ऑपरेशन टेबलावर पेशंट असताना बाहेर नातेवाइकांकडून सही घेतात, तसं.

मी संध्याकाळी बघायला गेले. गाडी आतल्या शेडमध्ये होती. “ऑइल सांडलंय, साडी खराब होईल, इथेच थांबा.” एका पोराने वर्तमानपत्रावर ठेवलेलं जुनं गॅस्केट आणून दाखवलं. दोन भोकांच्या मधली पट्टी काळी पडून फाटलेली. “बघा, इथून लीक होतं.” मी मोबाइलवर फोटो काढला. घरी दाखवावा म्हणून काढला, बाकी काही डोक्यात नव्हतं.

अखेरचा आकडा ४२,६०० रुपये. गॅस्केट सेट ५,८००, फेसिंग आणि वॉल्व्ह लॅपिंग ७,५००, हेड बोल्ट २,४००, चेन किट ९,२००, ऑइल-फिल्टर-कूलंट ३,९००, लेबर १३,८००. बिल मागितलं तर लेटरहेडवर हाताने लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही. “पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर लागतील.” मी पैसे यूपीआयने भरले.

गाडी घरी आली. बाटलीत आता हिरवं कूलंट होतं, आणि तेही उतरायला लागलं.

गॅरेजला फोन केला तर म्हणे, “नवीन काम आहे, सेट व्हायला वेळ लागतो, हवा निघतेय.” पुन्हा फोन केला तर “रेडिएटरच बदलायला लागेल, जुनी गाडी आहे.” तेव्हा बँकेतल्या शिपाईमामांनी नाना पेठेतल्या एका रेडिएटरवाल्याचं नाव सांगितलं. छोटंसं दुकान, बाहेर पाण्याचा हौद, त्यात रेडिएटर बुडवून हवा मारून गळती शोधतात. त्याने आधी गाडी बघायलाच नकार दिला. “गरम आहे ताई. रात्रभर इथे राहू दे. सकाळी थंड असताना या.”

सकाळी त्याने काय केलं ते नीट सांगते, कारण गळती शोधायची रीत ही. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. रेडिएटरचं झाकण साधारण १ बारच्या आसपासचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. (म्हणूनच गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.) बारीक गळती याच दाबाखाली होते, म्हणजे गाडी तापलेली असताना. तेव्हा थेंब गरम इंजिनवर पडतो आणि वाळून जातो. गाडी थंड झाली की दाब नाही, गळती नाही, फरशी कोरडी. मग गळती दिसावी कशी? झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, त्याला दाब दाखवणारं घड्याळ असतं. थंड इंजिनमध्ये हवा मारून तेवढाच दाब तयार करायचा आणि वाट बघायची. आता थेंब वाळत नाही, दिसतो.

त्याने झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरला आणि चहा मागवला. घड्याळाचा काटा अगदी हळू, पण उतरत होता. मग टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन तो एकेक जागा बघत गेला. होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्यांची शिवण, थर्मोस्टॅटचं घर. डॅशबोर्डखालचा गालिचाही चाचपला, कारण हीटरची जाळी फुटली तर पाणी गाडीच्या आत येतं आणि काचेवर चिकट वाफ धरते. शेवटी वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, अशी ती सोय. त्या भोकाखाली वाळलेली खपली होती आणि टोकाला ताजा थेंब.

“ताई, बघा. थेंब हिरवा आहे. खपली गुलाबी आहे.”

मला लगेच कळलं नाही. त्यानेच उलगडून सांगितलं. हिरवं कूलंट त्या गॅरेजने भरलेलं, गुलाबी त्याआधीचं. म्हणजे पंप गाडी गॅरेजला जाण्याआधीपासूनच गळत होता. आजार हाच होता.

मग मी त्याला गॅस्केटचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “तुमच्या गाडीला सिलिंडर किती?”

चार. गॅस्केटला दर सिलिंडरमागे एक मोठं भोक असतं. फोटोतल्या गॅस्केटला मोठी भोकं तीन.

पुढचं त्याने स्वतःहून केलं. हेड उतरवायचं तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइपांचा जोड) किंवा त्याला जोडलेला पुढचा पाइप सोडवावाच लागतो. दोन्हीकडच्या नटांवर गंजाचा थर अखंड होता, पान्याचा ओरखडाही नाही. चेनच्या कव्हरच्या कडेचं जुनं सीलंट धुळीसकट जागेवर. हेड उतरलंच नव्हतं. ४२,६००मध्ये खरं काय होतं, तर ऑइल, फिल्टर आणि ते हिरवं कूलंट, तेही गुलाबीत ओतलेलं. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली की कधीकधी आत गाळ धरतो, म्हणून त्याने सगळी यंत्रणा धुऊन काढली. तपासणीचे ३०० रुपये घेतले. नवा पंप, कूलंट, मजुरी सगळं मिळून ४,४००. जुना पंप पिशवीत घालून माझ्या हातात दिला, मी न मागता. पंपाची पुली हलवली तर डुगडुगत होती.

त्याच्याकडे ऐकलेल्या आणखी दोन युक्त्या इथेच सांगून टाकते. एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी ठिबकतं ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. त्याला कूलंट म्हणून दाखवणारे आहेत. बोट लावून बघा, कूलंट बुळबुळीत आणि रंगीत असतं. (चाखू नका, विषारी आहे. कुत्र्या-मांजरांना गोड लागतं, सांडलं तर धुऊन टाका.) दुसरी युक्ती गळती बुजवायच्या पावडरीची. ट्रकवाले अडल्यावेळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात, घाटात निभावून नेण्यापुरतं ते ठीक. पण गॅरेजने न विचारता पावडर टाकली, की गळती महिनाभर थांबते, बारीक नळ्या बुजतात आणि पुढच्या खेपेला तुम्हाला रेडिएटर विकला जातो.

गॅरेजमध्ये परत गेले तेव्हा मालकाचं पहिलं उत्तर तयार होतं : “गॅस्केट आम्ही नीट केलं, पंप नंतर गेला.” मी गुलाबी खपलीचा फोटो दाखवला. मग तीन भोकं. “पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दाखवलं असेल.” मग गंजलेले नट. त्यावर तो जरा गप्प झाला, आत जाऊन आला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही जुन्या कस्टमरसारख्या, १५,००० परत देतो. पैसे यूपीआयने आले. सोबत ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं छापलेला कागद पुढे केला. मी सही केली नाही. जुनी कस्टमर कसली, मी एकदाच काम करून घेतलं होतं, तेही तो विसरला.

त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजने तिथे उत्तर दिलं नाही, म्हणून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. तो ऑनलाइन करता येतो, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील करायलाच हवा असं नाही. अर्जासोबत काय जोडलं ते सांगते : व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंदाज, हाताने लिहिलेलं बिल, यूपीआयच्या नोंदी, रेडिएटरवाल्याने तारखेसह लिहून दिलेला तपासणीचा कागद आणि सगळे फोटो.

तुमची गाडी आज गॅरेजमध्ये उभी असेल आणि अजून उघडली नसेल, तर मालकाला सांगा की थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करा, आणि गॅस्केटचा संशय असेल तर निळ्या द्रावणाचीही. टेस्टर नाही म्हणाला तर गाडी तशीच बाहेर काढा. उघडली आहे असा फोन आला, तर फोनवर ‘हो’ म्हणू नका. तिथे जा आणि बोनेट उचलून तुमच्याच गाडीत, नंबर प्लेट दिसेल असा, उघड्या इंजिनचा व्हिडिओ काढा. साडी खराब झाली तर होऊ द्या.