पंप विकण्याआधी बादली भरून बघायला लावणारं हार्डवेअरचं दुकान

सिंहगड रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं हार्डवेअरचं दुकान आहे, नळ, पाइप, फिटिंग, रंग सगळं मिळतं, बाहेरून अगदी साधं. पण तिथले काका माल काढायच्या आधी माप विचारतात आणि त्यामुळे माझा पंपाचा खर्च वाचला, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आम्ही टॉप फ्लोअरला राहतो. शॉवरचं पाणी कमी होत होत इतकं झालं की केस धुवायचे तर मग्गाच घ्यावा लागायचा. एक प्लंबर आला, दोन मिनिटं बघितलं आणि प्रेशर पंप बसवा, नऊ हजार होतील म्हणाला. मी पंप बघायला दुकानात गेले तर काकांचा पहिला प्रश्न, "ताई, टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत उभं अंतर किती फूट?" घरी येऊन टेप लावली, ११ फूट भरलं. मग त्यांनी पावतीच्या मागे हिशोब मांडून दाखवला, ३३ फुटाला साधारण एक किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब), म्हणजे आमच्याकडे एक तृतीयांश किलो. टाकी ५०० लिटरची असो की २००० ची, प्रेशर मिळतं ते उंचीमुळे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या मजल्यांवर धो धो पाणी का येतं तेही तेव्हाच कळलं.

मग पंप लागेलच ना, असं मी म्हटलं तर म्हणाले थांबा, आधी बादली लावा. २० लिटरची बादली आणि मोबाइलवर टायमर, एकदा शॉवर असताना, एकदा शॉवर काढून नुसत्या पाइपखाली. शॉवर असताना ५ मिनिटं लागली, काढल्यावर २ मिनिटं. मिनिटाला ४ लिटर आणि १० लिटर! लाइनमध्ये पाणी होतंच, अडत होतं शॉवरमध्ये. आमच्याकडे बोअरचं पाणी, आतल्या जाळीवर क्षाराचा खडूसारखा टणक थर बसलेला. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला आणि बादली अडीच मिनिटांत भरली. माझा खर्च एक टेफ्लॉन टेप (जोडातून पाणी गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती) आणि एक वॉशर.

टेप कशी गुंडाळायची तेही काउंटरवर एका निपलवर (आटे असलेल्या छोट्या पाइपच्या तुकड्यावर) करून दाखवलं, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर फिटिंग पिळताना ती सुटत येते. माझी पहिल्यांदा तशीच सुटली होती, मग परत केलं.

पुढच्या आठवड्यात किचनचा नळ ठिबकायला लागला. आता सवयच लागली, खाली २०० मिलीचा ग्लास ठेवला, तो ४० मिनिटांत भरला, म्हणजे दिवसाला ३६ ग्लास, सात लिटरच्या वर पाणी वाया, आणि उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो! जुना स्पिंडल (नळाच्या आतला, फिरवून पाणी चालू-बंद करणारा भाग) काढून दुकानात नेला, काकांनी दाते जुळवून तसाच दिला, महागडा नवीन नळ गळ्यात मारला नाही. वर आठवण करून दिली की आधी मेन वॉल्व्ह बंद करा आणि भिंतीच्या आतली लाइन गळत असेल तर स्वतः हात लावू नका, माहीतगार माणूस बोलवा.

तक्रार म्हणाल तर सकाळी दहापर्यंत प्लंबर लोकांची एवढी गर्दी असते की काकांना बोलायला फुरसत नसते, आणि दुपारी एक ते चार दुकान बंद. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेवढं आठवणीने मागा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, जुना पार्ट सोबत न्या आणि माप घरूनच घेऊन जा, नाहीतर ते परत पाठवतातच.