क्रूझवर लग्न करावं का? आम्ही आधी जाऊन पाहिलं

लेकीचं लग्न मुंबई-गोवा क्रूझवर करायचं का, हे ठरवण्याआधी आम्ही चौघं डिसेंबरात दोन रात्री जाऊन आलो. जहाज देखणं, जेवण गरमागरम, माणसं अदबशीर. मावळतीला डेकवरून मुंबई मागे सरकताना पाहिली आणि लेक म्हणाली, "आई, इथेच!" मलाही तसंच वाटलं.

पण आगीच्या धोक्यामुळे जहाजावर उघडी ज्योत चालत नाही. होम सोडाच, निरांजनही नाही. बुकिंग करताना एजंटाने हे सांगितलंच नव्हतं, त्याचा फार राग आला. विजेवरचं होमकुंड देतो म्हणाले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा सप्तपदी अग्नीसमोरच सांगितली आहे, आणि मला लाजाहोम हवाच.

शिवाय प्रत्येक पाहुण्याला तिकीट आणि ओळखपत्र लागतं. अक्षता टाकून, जेवून घरी जाणारी आमच्या चाळीतली मंडळी तिथे येणार कशी? सासूबाई ८१ वर्षांच्या. रात्री जहाज जरा डोललं तर त्या डोळे मिटून बसून राहिल्या.

लग्न डोंबिवलीत हॉलवरच. साखरपुड्याला मात्र घरातली वीस माणसं घेऊन याच जहाजावर जाणार, पावसाळा सोडून. डेकची वेळ संध्याकाळची मागितली आहे.