त्सुनामी आयलंड, देवबाग : बुकिंगच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा

नावावरून घाबरू नका आणि फार मोठं काही असेल असंही समजू नका. आयलंड म्हणतात, पण कर्ली नदी मालवणजवळ देवबागला समुद्राला मिळते त्या संगमाच्या थोडं अलीकडं नदीत वर आलेला हा वाळूचा पट्टा आहे. गावातले लोक सांगतात २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला म्हणून हे नाव पडलं. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला बाहेर. त्यावर मांडव, चहा-भजी-मॅगी-ऑम्लेट, आणि बाजूच्या पाण्यात जेट स्की, बनाना आणि बंपर (स्पीडबोटीमागं ओढतात त्या हवा भरलेल्या बोटी), स्पीडबोट. म्हणजे सरळ सरळ उघडा वॉटर पार्कच, फक्त इथं पाणी किती ठेवायचं हे मालकाच्या हातात नाही.

आणि सगळी मजा त्यावरच आहे बरं का, पण हे तुम्हाला बुकिंग करताना कोणी सांगत नाही. पॅकेज विकणारा एकच रेट, एकच वेळ सांगतो, सकाळी अकरा म्हणजे अकरा, मग त्या दिवशी अष्टमी असो नाही तर पौर्णिमा. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याचं पाऊण करायचं की भरतीची वेळ साधारण येते. म्हणजे अष्टमीला सहा वाजता भरती, मग बाराच्या सुमारास ओहोटी, एकदम आरामात जा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे तुम्ही बारा वाजता बोटीतून उतरणार तेव्हा नदी तुडुंब, मांडवाखाली पण पाणी, पोरं कडेवर घेऊन उभे राहा आणि फोटो काढून परत या. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकींनी फोनवरच तारीख विचारली आणि म्हणाल्या, "पुनवेक येव नकात, अष्टमीच्या आगेमागे येवा." कोल्हापुरात बसून आम्हाला काय कळणार, पण ऐकलं ते बरं झालं, नवमीला गेलो आणि दुपारी एकच्या आसपास पाणी घोट्यापर्यंत, पोरं वाळूतून उठायला तयार नाहीत.

सुट्टीच नेमकी पौर्णिमेला येत असेल तर दुपारी उशिरा जा, चार-साडेचारनंतर. उधाणाची भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी, पट्टा लांबच लांब उघडा पडतो. मात्र पाणी ओसरताना संगमाकडं जोरात ओढ असते, त्या बाजूला पोहायला अजिबात जायचं नाही, पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही.

आता राईड्स. बनाना आणि बंपर वसूल आहेत, बंपरवर तर आमच्या मेव्हण्याचा आवाज नदीपलीकडं भोगव्याच्या किनाऱ्यावर ऐकू गेला असेल. बनाना पलटी करायची की नाही ते आधी विचारतात, घरात ज्येष्ठ कोणी असेल तर नको म्हणून स्पष्ट सांगा. जेट स्की मात्र निव्वळ फसवाफसवी वाटली, मागं त्यांचा माणूस बसणार, हॅंडल त्याच्याच हातात, एक गोल चक्कर आणि उतरा. त्यापेक्षा तेच पैसे वाचवून मोठी बोट घ्या, ती संगमातून बाहेर काढून भोगवे, किल्ले निवती, तिथले पिवळसर खडक असं फिरवून आणते आणि सकाळी लवकर गेलात तर डॉल्फिन दिसायचा चान्स असतो. मला विचाराल तर सगळ्यात भारी पार्ट हाच, कारण बोटीतून एका बाजूला समुद्र एका बाजूला नदी आणि मधी माडांची अरुंद पट्टी, म्हणजे अख्खं देवबाग, एका नजरेत दिसतं.

लाइफ जॅकेटवर हयगय नको. २०२२ च्या मे महिन्यात इथंच तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. आम्हाला पॅकेज दिलेल्या एजंटच्या बोटीवर जॅकेटं होती पण दोघांतिघांचे बकल तुटलेले, माणसंही जरा जास्तच कोंबलेली, बोलल्यावर तोंड वाकडं करून दुसरी बोट दिली. बोलायचं, लाजायचं नाही.

पॅकेजमध्ये 'स्कूबा' पण घुसवतात. ते देवबागला नाही, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेतात, आणि तुम्ही थोड्याच खोल पाण्यात, ट्रेनरनं मागून धरलेलं, फोटो-व्हिडिओ काढले की वर. पोहता न येणाऱ्याला हौस म्हणून ठीक आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बऱ्यापैकी क्लियर असतं, मे मध्ये गढूळ मिळायची शक्यता जास्त. खरंच शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) ट्रेनिंग सेंटर आहे तिकडं जा. आमच्या ट्रेनरनं व्हिडिओ चांगला यावा म्हणून माशांना ब्रेड टाकला ते काही पटलं नाही, अहो १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे मालवणचं, मासे काय कबुतरं आहेत का.

पैशाबद्दल. ऑनलाइन किंवा हायवेवरच्या एजंटकडून घेऊ नका. देवबागात उतरा, ज्यांच्या घरी राहताय त्यांनाच सांगा, त्यांच्या भावाची नाही तर चुलत्याची बोट असतेच. रेट दिवाळी, नाताळ आणि मे मध्ये चढतात, तेव्हा माणशी किती आणि किती राईड ते बोटीत बसायच्या आधी ठरवा. आम्ही दुसऱ्या दिवशी असंच डायरेक्ट गेलो तर स्वस्त तर पडलंच, वर त्या बोटवाल्या दादांनी घाई पण केली नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा फक्त म्हणाले, "पाणी भरूक लागला, पोरांका आवरा आता."

त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की आपण ज्याला मजा म्हणतो तो यांचा संसार आहे. त्यांचे वडील रापणीला जायचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. पर्सिसीनवाले, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणाऱ्या यांत्रिक बोटी, मासळी उचलून नेतात म्हणून रापणकरांची ओरड किती वर्षं चाललीय ते पेपरात वाचतोच आपण. मग बोट तीच, सीझनला पर्यटक, अधेमधे मासेमारी, आणि बायको घरी चार खोल्या आणि जेवण बघते. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ ला चिपीचं विमानतळ झालं, सगळं खरं, पण देवबागात पर्यटन म्हणजे काय तर मोठं हॉटेल नाही, अशा घरच्या खोल्या आणि घरच्या बोटी. आणि सीझन किती? मे च्या शेवटाला वॉटर स्पोर्ट्स बंद, ते ३१ ऑगस्टपर्यंत. जून-जुलै मासेमारीलाही बंदी. म्हणजे पावसाळ्यात दोन्ही दारं बंद, कर्जाचे हप्ते चालू. त्यात २०२५ ला पाऊस २५ मे लाच कोकणात उतरला, मे अखेरची जी काही कमाई असते तीही गेली. त्यामुळं सीझनमध्ये शे-दोनशे जास्त सांगितले तर मी फार घासाघीस करत नाही, एजंटशी मात्र करतो.

वाईट काय ते पण लिहितो. पट्ट्यावर कपडे बदलायची सोय नावालाच, बायकांची पंचाईत होते, अंगावर सुकणारे कपडे घालून जा आणि बदलायचं ते खोलीवर येऊन. टॉयलेट बोटीत बसायच्या आधीच उरकून घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं वाळूत दिसतात, भरती आली की ती कुठं जातात ते सांगायला नको, ग्रामपंचायत असो की बोटवाले कोणीतरी कडक व्हायला पाहिजे. देवबागचा रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅव्हल्स आली की कोणाच्या तरी गडग्याला (दगडी कुंपणाला) गाडी टेकवूनच उभं राहायचं, शनिवारी दुपारी तर नकोच. खाणं पट्ट्यावर नुसतं चहा-भजीपुरतं ठेवा, जेवण काकींच्याकडं, सुरमई महाग असली तर बांगडा सांगा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं असेल तर ते सोडू नका, सोलकढी मागाल तितकी.

आम्ही राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं गेलो. पोरांना घाटात उलट्या होतात म्हणून पहाटे निघालो.

रेटिंग द्यायचं तर जागेला पाच पैकी साडेचार, राईड्सना तीन, एजंटला एक, तोही दुसरी बोट दिली म्हणून.