रेडिओहेडचा 'इन रेनबोज': शफल बंद करा आणि सलग ऐका

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की 'बाबा, फार डिप्रेसिंग वाजवतात ते' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच अल्बम ऐकायला देते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तो स्वतःच्या वेबसाइटवर टाकला आणि किंमत आपल्यावर सोडली, वाटेल तेवढे द्या, काहीच नाही दिलं तरी चालेल, मग सगळीकडे चर्चा त्या पैशांचीच, आणि गाणी किती जीव लावून केलीयत हे बोलायचं राहूनच गेलं.

पहिलंच '१५ स्टेप' घ्या. पाच मात्रांचं आहे. झपतालाचा पहिला अर्धा, धी ना धी धी ना, असा मांडीवर धरून बघा, दोन आवर्तनांत सम सापडते आणि मग ते मशीनसारखे ठोके एकदम नाचायला लागतात, मध्येच लहान मुलं ओरडतात तेव्हा तर मला दरवेळी हसू येतं.

'न्यूड' हे गाणं त्यांच्याकडे 'ओके कम्प्युटर' या १९९७ च्या अल्बमच्या काळापासून पडून होतं, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, आणि ते का थांबले होते ते कॉलिन ग्रीनवुडची बेस गिटार सुरू झाली की कळतं. घाई नाही, दोन सुरांमध्ये भरपूर जागा, गायक थॉम यॉर्कचा आवाज त्या जागेत अलगद तरंगतो. 'वियर्ड फिशेस'मध्ये गिटारींचे थर एकावर एक चढत जातात, खाली ड्रम्स पळतायत, आणि मग अचानक सगळं विरळ होतं, पाण्यात श्वास रोखून तळाला गेल्यासारखं, तिथे मी आजही हातातलं काम थांबवते.

पण सगळ्यात लाडकं 'रेकनर'. सुरुवातीला नुसता शेकर आणि झांजांचा खळखळाट, मध्ये सगळं शांत होऊन व्हायोलिन्स येतात, तिथे मागचे आवाज नीट ऐका, अल्बमचं नाव तिथेच गायलंय.

'हाउस ऑफ कार्ड्स' मला जरा लांबलेलं वाटतं, खरं सांगते, आणि 'फाउस्ट आर्प' दोनच मिनिटांत संपतं, अजून हवं होतं.

तेव्हाच्या डाउनलोडच्या एमपी३ फक्त १६० केबीपीएसच्या, म्हणजे जरा कमी क्वालिटीच्या होत्या, त्यामुळे सीडी किंवा चांगल्या क्वालिटीचं स्ट्रीमिंग घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच. जेमतेम ४२ मिनिटं लागतात. 'व्हिडिओटेप'चा पियानो थांबला की लगेच दुसरं काही लावू नका, थोडा वेळ तसंच बसा.