पीएसजेडी: फेलोशिपची यादी ठीक, पण खरा माल शेजारच्या खान्यात

अमेरिकेत वकिली शिकून ज्यांना कंपन्यांच्या करारमदारांत पडायचं नाही, गरिबांच्या बाजूने उभं राहायचंय, त्यांच्यासाठी पीएसजेडी नावाचं संकेतस्थळ आहे. नॅल्प ही लॉ स्कूल आणि वकिली फर्म यांची संघटना ते चालवते. जनहिताच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या, उन्हाळी इंटर्नशिप, फेलोशिप आणि असंख्य संस्थांची माहिती तिथे एकत्र मिळते. बहुतेक लॉ स्कूल वर्गणी भरतात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या खिशाला चाट नाही. मी न्यू जर्सीत नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जाते, चाळिशी जवळ आली आहे, आणि मुलं झोपली की लॅपटॉप उघडते. त्यामुळे हे परीक्षण गरजूचं आहे, तज्ज्ञाचं नाही.

फुकट म्हटलं की आपल्या लोकांना शंका येते, म्हणून आधी विकतचा अनुभव सांगते. आमच्या भागातल्या एका शिष्यवृत्ती सल्लागाराने (नाव कशाला घ्या) चांगले पैसे घेऊन मला एक यादी पाठवली. त्यातलं बरंचसं लॉ स्कूलची फी भरायच्या कामाचं. त्यात पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप ठळक अक्षरांत. ती उत्तमच आहे: स्थलांतरितांना आणि त्यांच्या मुलांना मिळते, दर वर्षी 30 जणांना, 90,000 डॉलरपर्यंत. तुमची मुलं लॉ स्कूलला जाणार असतील तर जरूर बघा. पण ती शिक्षणासाठी आहे आणि अर्जदाराचं वय 30 किंवा त्याहून कमी लागतं. माझी जन्मतारीख त्या गृहस्थांच्या समोरच्या फॉर्मवर होती!

मला हवे होते ते पदवीनंतरचे पैसे, म्हणजे ज्या संस्थेला वकील हवाय पण पगार देणं जमत नाही, तिथे दोन वर्षं कोणीतरी माझा पगार भरणं. इथे दोन जाती आहेत आणि पीएसजेडीवर त्या वेगळ्या पाडून दिल्यात, हे मला फार आवडलं. एकात काम संस्थेने ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त निवडून यायचं. स्थलांतरितांना वकील मिळवून देण्यासाठी 2014 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं इमिग्रंट जस्टिस कोर साधारण या वळणाचं. दुसऱ्यात प्रकल्प तुम्ही रचायचा, संस्था तुम्ही गाठायची आणि दोघांनी मिळून पैसे मागायचे. स्कॅडन फेलोशिप (1988 पासून, वर्षाला साधारण 28 जण) आणि इक्वल जस्टिस वर्क्सची स्वतः रचायची फेलोशिप, ही त्यातली मोठी नावं. दोन्ही दोन वर्षांच्या. स्कॅडनला दिवाणी बाजूचं काम लागतं. फौजदारी बचावाची आवड असेल तर तिथे वेळ घालवू नका.

आता मुद्द्याचं. सगळे जण या संकेतस्थळावर येतात ते फेलोशिपची यादी बघायला, आणि रक्कम बघून हरखतात. माझं मत उलटं आहे. यादी नंतर बघा, आधी संस्थांचा विभाग उघडा. स्वतः रचायच्या फेलोशिपमध्ये संस्थेचं ‘हो’ हातात नसेल तर अर्जाला अर्थच नाही. पैसेवाले सगळ्यांना ठाऊक असतात. आपलं काम ज्यांच्या छताखाली बसेल असे लोक सापडत नाहीत, आणि तिथे पीएसजेडी खरंच उपयोगी पडतं. राज्य निवडा, कायद्याचं क्षेत्र निवडा, आणि एकेका संस्थेचं पान शांतपणे वाचा. वकील आहेत का, की फक्त समुपदेशक? खटला न्यायालयात चालवतात, की नुसते अर्ज भरून देतात? पूर्वी कोणी फेलो घेतला होता का? पानावर उत्तर नसेल तर फोन करा.

मी स्वतः एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, आलेली. नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेलं आयुष्य म्हणजे काय ते मला माहीत आहे, माझा नवरा भला माणूस असूनही. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत ‘मानवी’ 1985 पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ 1989 पासून काम करतात, त्यामुळे प्रश्न काही नवा नाही. अशाच एका संस्थेच्या हेल्पलाइनवर मी बसते. फोन येतो, बाई मराठीत कुजबुजते. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बँकेचं खातं त्याच्या नावावर, आणि ‘तक्रार केली तर व्हिसा जाईल’ हे त्याने पक्कं डोक्यात बसवलेलं. छळ सोसणाऱ्या एच-फोर पत्नीला स्वतःचा वर्क परमिट मागता येतो, अशी तरतूद 2005 च्या कायद्याने केली. त्याचा फॉर्म यायला 2017 उजाडलं. फोन करणाऱ्या किती जणींना हे आधी माहीत असतं? जवळजवळ कोणालाच नाही. यू व्हिसाची (गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांना मिळतो तो) वाट आहे, पण त्याला वर्षाला 10,000 ची मर्यादा, म्हणजे रांगच रांग.

अशा बायकांना कायद्याची मदत, हा माझा प्रकल्प. तो घेऊन एका संस्थेच्या मुख्य वकीलबाईंकडे गेले, तर त्यांनी सरळ विचारलं, “कौटुंबिक कायद्याची वकील आहे आमच्याकडे, इमिग्रेशनचीही आहे. मग तू कशाला?” मी म्हटलं, “दोघींच्या मधे जी बाई हरवते, तिच्यासाठी.” पोटगीच्या दाव्यात काय लिहून दिलं की व्हिसाच्या अर्जात अडचण होते, हे एकाच टेबलावर बघणारं कोणी नाही, आणि मराठी बोलणारं तर नाहीच. मग पुढचा प्रश्न आला, दोन वर्षांनी पैसे संपल्यावर काय? हा प्रश्न पैसे देणारेही विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ चालत नाही.

कर्जाचंही लगेच विचारून घ्या. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज असेल तर 2007 च्या योजनेप्रमाणे सरकारी किंवा पात्र ना-नफा नोकरीत 120 हप्ते भरले की उरलेलं माफ होतं. म्हणून पगार कोणाच्या पेरोलवर निघणार हे पहिल्याच भेटीत विचारा. फेलोशिप देणारे पैसे पुरवतात, पण मालक म्हणून कागदावर यजमान संस्था असेल तर ती पात्र हवी. खासगी बँकेचं कर्ज यात बसत नाही. आणि 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल) कर्ज बंद, वकिलीसाठी फेडरल कर्ज वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलरपर्यंतच. ज्यांची मुलं आता प्रवेश घेणार आहेत त्यांनी हा हिशेब आधीच मांडावा.

पुण्यामुंबईहून एलएलएमला आलेल्यांनी मात्र पहिल्यांदा व्हिसा बघायचा. कायद्याच्या पदवीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी, 12 महिन्यांचीच, आणि फेलोशिप दोन वर्षांची. अशांनी आपल्याच विद्यापीठाने पदवीधरांसाठी ठेवलेल्या फेलोशिप आधी चाळाव्यात. येलसारख्या ठिकाणी मानवी हक्कांच्या कामासाठी त्या असतात आणि काम अमेरिकेबाहेरही करता येतं.

पाचपैकी चार तारे. एक राखून ठेवला, कारण ही जंत्री आहे, वाट दाखवणारं माणूस नाही. कुठली फेलोशिप आपल्या आवाक्यातली आणि कुठली नुसती बघायची, हे तिथे कळत नाही. ते करिअर ऑफिसमध्ये किंवा आदल्या वर्षीच्या फेलोला फोन करून विचारावं लागतं, आणि ते लोक आनंदाने बोलतात. लॉगिन आपल्या लॉ स्कूलकडूनच मिळतं. मोठ्या फेलोशिपचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या आसपास जातात, तेव्हा संस्थेशी बोलणी त्याआधीच्या उन्हाळ्यातच उरकलेली बरी.