मॉडेल विमानाचं ४६ साइझचं (०.४६ घन इंच) ग्लो इंजिन, हंगामभर वापरल्यावर: यंत्र दणकट, कार्बच्या मानेतली रिंग टाकाऊ

तारे आधी सांगतो: पाचपैकी तीन दिले होते, आता साडेतीन. अर्धा का वाढवला ते पुढे येईल.

७.५ सीसी, एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर), दोन बेअरिंग, ११ बाय ६ इंचांचा प्रॉप (पंखा), हे सगळ्यांना माहीत आहे. ताकद भरपूर, सुरू व्हायला कटकट नाही, कॉम्प्रेशन अजून नव्यासारखं. तक्रार एकाच गोष्टीची आणि ती मी मनसोक्त ताणणार आहे: कार्ब (कार्ब्युरेटर) क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) जिथे बसतो, त्या मानेतली ओ-रिंग. एवढं सुबक मशिनिंग करून तिथे जी रिंग घातली आहे ती लवकरच कडक आणि चपटी होते, आणि इंजिन हवा घ्यायला लागतं.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आधी ‘निडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) नीट सेट करा’, मग ‘पूर्ण कार्ब बदला’. कार्बची किंमत इंजिनाच्या जवळपास एक तृतीयांश. सुटी रिंग ते देत नाहीत. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी आख्खा कार्ब विकत घ्यायचा नसेल तर पुढचं वाचा.

आधी लक्षणं, कारण सगळी हवा एकाच जागेतून शिरत नाही. आयडलला (सर्वांत कमी वेगावर) थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि त्याच्या खाली ओढ सर्वांत जास्त असते. मानेतून हवा शिरत असेल तर तिचा परिणाम म्हणूनच आयडलला दिसतो: आरपीएम खाली येत नाही, वर-खाली भटकतो, आणि थ्रॉटल आणखी बंद केला की इंजिन एकदम मरतं. थंड असताना ठीक, तापल्यावर बिघाड, हेही याच गळतीचं. याउलट आयडल स्वच्छ आहे, पण फुल थ्रॉटलला नाक वर केलं की आवाज पातळ होतो, तर मानेचा नाद सोडा आणि टाकीकडे वळा. टाकी भरलेली असताना उत्तम आणि अर्धी झाली की लीन (हवा जास्त, इंधन कमी), असं असेल तर टाकीतल्या क्लंकच्या (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) नळीला चीर आहे. चीर इंधनात बुडालेली असते तोवर काही कळत नाही. ती उघडी पडली की हवा ओढते.

टाकी तपासायला पाच मिनिटं लागतात. बाहेर काढा, एक नोझल बंद करा, दुसऱ्याला ५० एमएलची रिकामी सिरिंज लावा, पाण्यात बुडवून हलका दाब द्या. बुडबुडे बहुतेक वेळा रबरी बुचाभोवती येतात. क्लंकची नळी वेगळी काढून, एक टोक बंद करून तशीच तपासावी लागते, आत असताना ती कळत नाही. तोंडाने फुंकू नका. टाकीत मिथेनॉल होतं, आणि मिथेनॉल हे विष आहे.

इंधनाच्या नळीतले बुडबुडे पाहून लगेच गळती ठरवू नका. बारीक फेसासारखे आणि इंजिन हळू केल्यावर ओसरणारे असतील तर ते कंपनामुळे. टाकी फोममध्ये बसवा, फायरवॉलला (इंजिनामागच्या भिंतीला) टेकू देऊ नका. मोठे, सुटे आणि आयडललाही चालू राहणारे असतील तर हवा कुठूनतरी येतेच आहे.

आता मान. विमान मागून घट्ट बांधा, स्वतः प्रॉपच्या मागे राहा. इंजिन तापवून आयडलला आणा आणि लांब नळी लावलेल्या सिरिंजने मानेच्या भोवती एरंडेल तेलाचा एक थेंब सोडा. तेल घट्ट असल्याने फटीत ओढलं जाऊन ती घटकाभर बुजवतं. आरपीएम लगेच बदलला किंवा आयडल काही सेकंद शहाण्यासारखं वागलं, तर चोर तिथेच आहे. फरक नाही पडला तर असाच थेंब बॅकप्लेटच्या (क्रँककेसच्या मागच्या झाकणाच्या) कडेला, मग पुढच्या बेअरिंगपाशी. पुढे स्पिनर (प्रॉपच्या मध्यावरचं टोकदार टोपण) असेल तर आधी तो काढा.

खात्री हवी असेल तर इंजिन उतरवून रॉकेलमध्ये बुडवा, पाण्यात नको, बेअरिंग गंजतात. प्रॉपने पिस्टन वरच्या टोकाजवळ आणा म्हणजे क्रँकचं इनटेक पोर्ट उघडं राहतं. एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद, इंधनाचं नोझल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कार्बच्या तोंडावर नळी घट्ट धरून सिरिंजने हवा सोडा. पुढच्या बेअरिंगमधून थोडे बुडबुडे येणारच. मानेतून किंवा बॅकप्लेटमधून एक सलग माळ आली की पाना घ्या.

रिंग बदलताना जुनी मोजू नका, ती चपटी असते. गाळ्याची (रिंग बसते त्या खाचेची) खोली आणि रुंदी वर्निअरने मोजा. दाबली गेल्यावर रिंगची जाडी साधारण पाचव्या हिश्शाने कमी व्हावी एवढी जाड रिंग निवडा. कमी दाबली तर ती फक्त शोभेला. साधी काळी नायट्राइल रबराची रिंग या इंधनात मला पुरते. ‘हीट प्रूफ’ म्हणून व्हायटॉन रबर कोणी गळ्यात मारेल, पण साधा व्हायटॉन मिथेनॉलमध्ये फुगतो, घेऊ नका. गाळ्यातलं जळकं एरंडेल मिथेनॉलने पूर्ण पुसा, नवीन रिंगला तेल लावा आणि कार्ब अंगठ्याने खाली दाबून धरूनच स्क्रू आवळा. ही शेवटची पायरी चुकली तर बाकी सगळं वाया. स्क्रू कार्बला बाजूने धरतो, खाली ओढत नाही, त्यामुळे नुसता आवळला तर कार्ब केसभर वर राहतो आणि नवी रिंगही मोकळीच.

अर्धा तारा इथे वाढला. नवीन रिंग पावसाळा उलटूनही टिकली आहे. कार्बच्या घडणीला मी जो दोष देत होतो तो मागे घेतो, दोष फक्त रबराचा आहे. मोठ्या निडलच्या (पूर्ण वेगाच्या इंधनाची) ओ-रिंगचं मात्र तसंच आहे, तीही ढिली. तिथे सिलिकॉन नळीचा ४-५ मिलिमीटरचा तुकडा निडलवर चढवला की हवा बंद होते आणि निडल कंपनाने फिरतही नाही.

बॅकप्लेटचे चार स्क्रू तिरपे-तिरपे आवळा, गॅस्केट फाटलेलं असेल तर पातळ गॅस्केट पेपरमधून नवीन कापा. प्लगची तांब्याची वॉशर आणि सायलेंसरचा जोडही बघून घ्या. सायलेंसर ढिला असेल तर टाकीला दाब कमी मिळतो आणि इंजिन लीन होतं, मग हवा कुठून शिरते ते शोधत बसाल.

गळती बंद झाल्यावर जुन्या सेटिंगवर इंजिन रिच (इंधन जास्त) वाटेल, कारण आधी छोटी निडल (आयडलच्या इंधनाची) हवेची भरपाई म्हणून उघडली होती. ती एकेक अष्टमांश फेरा बंद करत जा. दर वेळी आयडलला नळी चिमटीत दाबा: इंजिन आधी थोडं वेग घेऊन मग बंद पडलं तर अजून रिच, लगेच बंद पडलं तर लीन. मधे मोठ्या निडलला हात लावू नका.

नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच टाकीनंतर मानेची रिंग काढून पाहावी. नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर त्याच दिवशी बदला. लीन चालवत ठेवलं तर प्लग आणि मग लायनर (सिलिंडरची आतली नळी) जाईल, आणि तो सुटा मिळत असला तरी स्वस्त नाही.