तीन गिअरचा जुना हब, देशी रोडस्टर आणि शेल्डन ब्राऊन: पावसाळा काढल्यानंतर

सायकल साधीच. काळी रोडस्टर (जुन्या पद्धतीची, सरळ बसून चालवायची सायकल), फ्रेम 24 इंची, केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणारे रॉड ब्रेक, 28 बाय दीडचे टायर. मागचा नेहमीचा हब (चाकाच्या मधला तुंबा) काढून तिथे स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीचा जुना, तीन गिअर आतच असलेला एडब्ल्यू मॉडेलचा हब बसवला आणि फिटिंगपासून तेलपाण्यापर्यंत सगळं शेल्डन ब्राऊन यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे केलं. अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने रोजचा वापर झाल्यावर हे लिहितोय. हबचा अनुभव सांगताना त्या माणसाबद्दल बोलणं टळत नाही.

ब्राऊन (1944–2008) बॉस्टनजवळच्या वेस्ट न्यूटनमधल्या हॅरिस सायक्लरी या दुकानातले मेकॅनिक. दाढीवाले, हेल्मेटवर गरुड चिकटवून फिरणारे, 1 एप्रिलला खोट्या पार्टची गंभीर चेहऱ्याने जाहिरात करणारे. दुकानदार हातचं राखून ठेवतो ते सगळं त्यांनी इंटरनेटवर फुकट मांडलं. महागड्या रेसिंग सायकलीला जेवढा मान, तेवढाच जुन्या इंग्लिश तीन-गिअरवालीला. आपल्या रोडस्टर त्याच घराण्यातल्या. सेन-रॅले तर आसनसोलला रॅले या इंग्लिश कंपनीच्याच भागीदारीत बनायची. म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या माणसाचा सल्ला पुण्याच्या नारायण पेठेतल्या सायकलला तंतोतंत लागू पडतो.

पहिला पुरावा भोकांचा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या रिमला स्पोकसाठी 32 आणि मागच्या रिमला 40 भोकं असतात, आणि आपल्या रोडस्टरचंही तेच. त्यामुळे 40 भोकांचा एडब्ल्यू हब देशी रिमवर सरळ बसतो. स्पोक मात्र जुने चालत नाहीत, कारण फ्लँजचा (हबच्या ज्या चकतीत स्पोक अडकतात तिचा) व्यास वेगळा. मापून नवे आणा. टायर घेताना ‘28’ एवढ्यावर विसंबू नका. 28 म्हणवणारे टायर अनेक मापांचे असतात. बाजूवर 635 (रिमच्या बैठकीचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आकडा छापलाय का पाहा. रिमचा आऊट (डगमग) काढताना पाव-पाव फेरीच निपल (स्पोकच्या टोकाचा नट) फिरवावा आणि एक बाजू घट्ट केली की समोरची तेवढीच सैल करावी, हा ब्राऊन यांचा धडा. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक अजून सरळ आहे.

आता गिअर. हबच्या आत मधलं दातेरी चाक 20 दातांचं आणि आसावर पक्कं, भोवतालची कडी 60 दातांची. त्यामुळे तिसरा गिअर दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांश जड आणि पहिला पाव भागाने हलका. पुढे 48, मागे 18 दाते ठेवले तर 28 इंची चाकावर गिअर येतात 56, 75 आणि 100 इंच (पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, गुणिले हबचं प्रमाण; आकडा मोठा तितका गिअर जड). यातला 100 इंची गिअर आपल्या रस्त्यावर शोभेचाच. ब्राऊन यांचं ठाम मत होतं की या सायकली कंपनीतूनच फार जड गिअरच्या निघायच्या आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. 22 दातांचं लावल्यावर गिअर झाले 46, 61 आणि 81. पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ बसून चढता येतो, सपाटीला तिसरा खरोखर वापरात येतो. स्प्रॉकेट एका तारेच्या रिंगने अडकलेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने निघतं. चेन थोडी वाढवावी लागते. बंद चेनकव्हर असेल तर 22 दाते आत घासतात का, आधी बघा; घासत असतील तर 20 वर थांबा.

या हबची बदनामी ज्या कारणाने होते ते म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली रिकामी जागा. केबलचं माप चुकलं की जोर लावताना पायडल एकदम फुकट फिरतं, आणि उभं राहून मारत असाल तर गुडघा किंवा त्याहून नाजूक भाग टॉपट्यूबवर आपटतो. दोष हबचा नसतो, केबलचा असतो. उजव्या नटातून बाहेर येणारी छोटी साखळी पूर्ण आत पिळा, मग केबलच्या रेषेत येईपर्यंतच, अर्ध्या फेरीहून कमी, मागे घ्या. गिअरचा लिव्हर दुसऱ्यावर ठेवून नटाच्या भोकातून डोकवा: साखळी जिला जोडलेली असते त्या दांडीचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसलं पाहिजे. ऐकूनही कळतं. पायडल मारताना दुसऱ्या-तिसऱ्यात टिकटिक येते, पहिल्यात येत नाही. केबल तुटली तर हब तिसऱ्यात जातो. मोठं स्प्रॉकेट असल्याचा फायदा तेव्हा कळतो. सिग्नलला उभ्या उभ्या गिअर टाकता येतो, हे सुख डिरेलरवाल्यांच्या (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरवाल्यांच्या) नशिबी नाही.

आसाच्या दोन्ही बाजूंचे दातवाले वॉशर विसरायचे नाहीत. त्यांचे दात फ्रेमच्या खाचेत बसले नाहीत तर जोराखाली आसच फिरतो आणि सगळी सेटिंग बिघडते. बेअरिंग जुळवायचं ते डाव्या कोनने (छऱ्यांना दाबणाऱ्या आसावरच्या नटाने). उजवा कोन हाताने घट्ट करून अर्धी फेरी सैल, मग त्याला हात नाही.

तेल: हबवरच्या छोट्या झाकणातून पहिल्यांदा चमचाभर, मग महिन्याला काही थेंब. थ्री-इन-वन हे घरगुती तेल ब्राऊन यांना अजिबात चालायचं नाही. वाळून चिकट होतं आणि हबच्या आतल्या, चाकाला जोर पोचवणाऱ्या खिट्ट्या अडकतात. पंपावर मिळणारं 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल थंडीत किंचित जड वाटलं, बाकी तक्रार नाही. जास्त ओतलं की डावीकडून गळून रिम माखते.

कॉटरबद्दलचा (क्रँक म्हणजे पायडलचा दांडा पक्का करणाऱ्या पाचरीबद्दलचा) ब्राऊन यांचा सल्ला प्रत्येक गल्लीतल्या दुकानात लावावा असा आहे. क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकणारा लोखंडी पाइप उभा केल्याशिवाय हातोडा मारायचा नाही, नाहीतर सगळा मार बीबीच्या (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगच्या) छऱ्यांवर जातो. कॉटर बसतो तो ठोकून किंवा प्रेसने दाबून. नट फक्त धरून ठेवतो. नट आवळून कॉटर ओढू गेलात तर आटे जातात. आठवड्याने पुन्हा ठोकून घ्या. प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ वाजलं तर संशय आधी कॉटरवर.

जिथे सल्ला अपुरा पडला ते ब्रेक. ओल्या स्टील रिमवर ब्रेक लागत नाही आणि त्यावर त्यांचं उत्तर ॲल्युमिनियमची रिम. रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यामुळे तो उपाय म्हणजे ब्रेकसकट अख्खी सायकल बदलणं. पावसात थोडं आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची, वेग कमी ठेवायचा, एवढंच हातात.

वेस्ट न्यूटनचं दुकान 2021 मध्ये बंद झालं. लिखाण शाबूत आहे. जुन्या बाजारात हब घेताना नळकांड्यावरचा शिक्का वाचा: ‘62 5’ म्हणजे मे 1962. तेलाचं झाकण जाग्यावर आहे का, आस हाताने फिरवल्यावर खरखर येते का आणि आसाचे आटे धड आहेत का, हे तपासा. छोटी साखळी जास्तीची मिळाली तर तीही घेऊन ठेवा. सगळ्यात आधी तीच वाकते.